फुटलेल्या यादीचा प्रामाणिक उपयोग

परीक्षेच्या दिवसांत ‘पेपर फुटला’ ही बातमी आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस अपरिचित नाहीं. फुटलेला पेपर पुन्हां कोणी वापरीत नाहीं. तो रद्द होतो, नवा काढतात, आणि जुना रद्दींत जातो. परंतु संगणकाच्या जगांत एक वस्तु अशी आहे कीं ती एकदां फुटली म्हणजे तिचें आयुष्य संपण्याऐवजीं सुरू होतें. ती वस्तु म्हणजे लोकांनीं ठेवलेल्या परवलीच्या शब्दांची, म्हणजेच पासवर्डांची, यादी. चोरांच्या हातीं पडलेली अशी यादी वर्षानुवर्षें जगभर फिरत राहते. आणि वाचकांस नवल वाटेल, पण चोरांपासून संरक्षण करण्याचें काम ज्यांनीं पत्करलें आहे ते लोकही तीच यादी पुढें घेऊन बसतात. हें योग्य कीं अयोग्य, असें आमच्याच एका विद्यार्थ्यानें गेल्या वर्षीं आम्हांस निराळ्या शब्दांत विचारिलें, आणि त्या निमित्तानें हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. त्या विद्यार्थ्याची हकीकत शेवटीं सांगूं.

परवलीचा शब्द ही कल्पना फार जुनी आहे. बायबलांत शास्ते नांवाच्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायांत यार्देन नदीच्या उतारावर पहारा करणाऱ्या गिलादी लोकांची कथा आहे. पळून जाणारा मनुष्य एफ्राइमी आहे कीं काय हें ओळखण्यासाठीं ते त्यास ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास सांगत. एफ्राइमी मनुष्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ असा उच्चार निघे, आणि तो तेथेंच मारला जाई. येथें शब्द गुप्त नव्हताच. बोलणाराची संवयच त्याला दगा देत असे. संगणकावरील परवलीचे शब्दही बहुधा असेच दगा देतात. ते कोणी चोरून ऐकले म्हणून नव्हे, तर मनुष्य शब्द निवडतांना आपल्या संवयीबाहेर जाऊं शकत नाहीं म्हणून.

संगणकास परवलीचा शब्द प्रथम लागला तो अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यालयांत. तेथें फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एकच मोठा संगणक अनेक जणांनीं एकाच वेळीं वापरावा अशी योजना केली, आणि १९६१ सालीं ती चालवून दाखविली. अनेकांचे कागद एका कपाटांत आले म्हणजे प्रत्येकाच्या खणास कुलूप हवें. तें कुलूप म्हणजे परवलीचा शब्द. पुढें त्याच दशकांत एके दिवशीं दुपारीं असें घडलें कीं जो कोणी संगणकाशीं बसे त्याच्यासमोर रोजची सूचना उमटण्याऐवजीं सर्व लोकांच्या परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादीच उमटूं लागली! दोन व्यवस्थापक एकाच वेळीं दोन निरनिराळे कागद दुरुस्त करीत होते, यंत्राने दोहोंच्या कच्च्या प्रतीस एकच नांव दिलें, आणि सूचनेच्या जागीं यादी गेली. ही गोष्ट पुढें स्वतः कोर्बाटो यांनींच जाहीर भाषणांत सांगितली. म्हणजे परवलीचे शब्द जितके जुने, जवळजवळ तितकेंच त्यांचें फुटणेंही जुनें आहे.

अशी आपत्ति टाळण्यास एक युक्ति निघाली. ती आमच्या लहान वाचकांस समजावी म्हणून जात्याचा दृष्टान्त घेतों. ज्वारी दळून पीठ करतां येतें. पिठाची पुन्हां ज्वारी करतां येत नाहीं. शहाणा संगणक आपला शब्द जशाचा तसा जपून ठेवीतच नाहीं. तो शब्द गणिताच्या जात्यांतून काढून त्याचें पीठ तेवढें ठेवितो. ह्या पिठास हॅश म्हणतात. आपण दुसऱ्या दिवशीं शब्द दिला कीं तो पुन्हां दळावयाचा, आणि दोन्ही पिठें ताडून पाहावयाचीं. पीठ चोरीस गेलें तरी चोरास धान्य मिळत नाहीं. मात्र ह्या युक्तींत एक छिद्र आहे. एका धान्याचें पीठ नेहमीं एकच निघतें. तेव्हां चोरानें स्वतः हजारों शब्द दळून पाहिले, आणि त्यांतील एखादें पीठ चोरलेल्या पिठाशीं जुळलें, तर मूळ शब्द कोणता हें त्यास कळून चुकतें. म्हणून सर्व प्रश्न येथें येऊन ठेपतो: दळून पाहावयाचे शब्द कोणते?

ह्या प्रश्नाचें पहिलें व्यवस्थित उत्तर १९७९ सालीं मिळालें. बेल लॅबोरेटरीज ह्या प्रयोगशाळेंत युनिक्स नांवाची संगणकव्यवस्था तयार झाली होती. तेथील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन या दोघांनीं आपल्याच घरच्या व्यवस्थेचें कुलूप कितपत भक्कम आहे हें पाहण्याचें ठरविलें. अनेक लोकांनीं दीर्घ काळांत वापरलेले ३,२८९ परवलीचे शब्द त्यांनीं तपासले. त्यांत १५ जणांनीं एकच अक्षर ठेविलें होतें, ७२ जणांनीं दोन. ४६४ शब्द तीन अक्षरांचे होते. आणि ४९२ शब्द कोशांत किंवा नांवांच्या यादींत सहज सांपडले. सर्व मिळून २,८३१ शब्द, म्हणजे शेंकडा ८६, अशा रीतीनें हातीं लागण्यासारखे निघाले. हे शब्द ठेवणारे लोक अडाणी नव्हते हें लक्षांत घ्यावें. परीक्षेचा निकाल छापून ते दोघे थांबले नाहींत. त्यावर उपायही त्यांनीं योजिला. प्रत्येकाचा शब्द दळतांना त्यांत निरनिराळ्या आंकड्यांची एक चिमूट टाकावयाची, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळें निघेल, आणि चोरास प्रत्येकासाठीं सगळें दळण पुन्हां पहिल्यापासून करावें लागेल. ह्या चिमटीस त्यांनीं मीठ असेंच नांव दिलें. त्यांच्या मिठाचे ४,०९६ प्रकार होते. हें मीठ स्वस्त आहे, तरी पुष्कळ जण तें घालीत नाहींत. २०१२ सालीं लिंक्डइन या कंपनीकडून जें पीठ चोरीस गेलें तें अगदीं अळणी होतें.

आतां मूळ विषयाकडे येऊं. २००९ सालच्या डिसेंबरांत रॉकयू नांवाच्या अमेरिकन कंपनीच्या भांडारांत चोर शिरले. ही कंपनी करमणुकीचीं लहानसहान साधनें पुरवीत असे. तिनें आपल्या लोकांचे शब्द दळलेलेच नव्हते. धान्य तसेंच पोत्यांत भरून ठेवलें होतें. त्यामुळें ३ कोटी २६ लाख परवलीचे शब्द उघड्या अक्षरांत बाहेर आले. अभ्यासकांनीं ते मोजून पाहिले तेव्हां पहिल्या क्रमांकावर ‘१२३४५६’ हा आंकडा निघाला, आणि तो २ लाख ९० हजारांहून अधिक लोकांनीं ठेवलेला होता. म्हणजे दर शंभर-सव्वाशें माणसांत एक! पहिल्या विसांत ‘पासवर्ड’ हाच शब्द होता, ‘माझें तुझ्यावर प्रेम आहे’ या अर्थाचें इंग्रजी वाक्य होतें, ‘राजकन्या’ होती, ‘माकड’ होतें, निकोल, डॅनियल, जेसिका अशीं नांवें होतीं, आणि स्वतः त्या कंपनीचेंही नांव होतें. लाखों लोक एकमेकांस न विचारतां, एकमेकांस न ओळखतां, तोच शब्द गुपित म्हणून जपत होते. आम्हांस तर ही यादी वाचतांना हंसूं येण्याऐवजीं थोडें वाईटच वाटलें. त्यांतील पुष्कळ शब्द आपल्या प्रिय माणसांचीं नांवें आहेत.

पुनरुक्ति काढून टाकली म्हणजे ह्या यादींत सुमारें १ कोटी ४३ लाख निरनिराळे शब्द उरतात. हा आंकडा मोठा वाटतो. पण थोडें गणित करून पाहावें. इंग्रजी लहान लिपींतील कोणतींही आठ अक्षरें ओळीनें मांडण्याचे प्रकार २६ चा आठवा घात, म्हणजे २,०८,८२,७०,६४,५७६ इतके होतात. फुटलेल्या यादीच्या साडेचौदा हजारपट! चोर असो कीं परीक्षक, तो हे सर्व प्रकार क्रमानें दळीत बसण्यापूर्वीं लोकांनीं खरोखर निवडलेले शब्दच आधीं दळून पाहील. कोश कितीही मोठा असला तरी त्यास माणसांच्या लबाड्या ठाऊक नसतात. पहिलें अक्षर मोठें करून शेवटीं १ जोडावयाचा, नांवापुढें जन्माचें साल लिहावयाचें, ह्या युक्त्या आपणांस फार हुशारीच्या वाटतात. यादींत त्या हजारों वेळां आलेल्या असतात. हिंदुस्थानांत काम करणारा परीक्षक शहाणा असेल तर तीच रीत आपल्याकडे लावून तो तींत गांवांचीं, दैवतांचीं व क्रिकेटपटूंचीं नांवेंही घालतो.

असा परीक्षक काम कसें करतो? एखादी पेढी, रुग्णालय किंवा कारखाना आपण होऊन त्यास बोलावतो. प्रथम कागद होतो. त्यावर कोणतीं यंत्रें तपासावयाचीं, कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळेंत, काय करावयाचें नाहीं, आणि कांहीं बिघडल्यास कोणास कळवावयाचें, हें सारें लिहिलेलें असतें, आणि खालीं मालकाची सही असते. ही सही होईपर्यंत परीक्षक एकाही यंत्रास हात लावीत नाहीं. नंतर संस्था आपलें पीठ त्याच्या हवालीं करते, आणि तो यादींतील एकेक शब्द दळून तें ताडून पाहतो. कधीं कधीं दारावरही परीक्षा होते. पण तेथें फार सावधपणा लागतो, कारण चारदोन वेळां शब्द चुकला कीं पुष्कळ यंत्रें ते खातेंच बंद करतात. आणि रुग्णालयांत ऐन निकडीच्या वेळीं डॉक्टरांचें खातें बंद पडलें तर रोग्याचे हाल होतील. म्हणून तो एकाच दाराशीं शंभर किल्ल्या लावीत बसत नाहीं. सर्वांत प्रचलित असे एकदोन शब्दच सर्व दारांस लावून पाहतो. काम संपल्यावर तो अहवाल देतो. अमुक इतक्या खात्यांपैकीं इतकीं इतक्या वेळांत उघडलीं, आणि त्यांतील अमुक खातें तिजोरीचें होतें, असें त्यांत असतें. सांपडलेले शब्द तो बाहेर नेत नाहीं, कोणाच्या नांवानिशीं चव्हाट्यावर मांडीत नाहीं, आणि काम होतांच आपल्याजवळची प्रत नष्ट करतो. अमक्या बाईंनीं आपल्या मुलाचें नांव ठेविलें होतें, हें कळून कोणाचेंच हित होत नाहीं.

तरीही चोरीचा माल तो चोरीचा, असें कोणी पालक म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें आम्ही उडवून लावीत नाहीं. आमचा निर्णय असा आहे: ज्या यादींत शब्दापुढें माणसाचें नांव किंवा पत्ता आहे, ती परीक्षकानें जवळ बाळगूं नये, ती जवळ बाळगणें म्हणजे पुन्हां त्या माणसाच्या घरांत शिरण्यासारखें आहे. परंतु नुसते शब्द व ते किती जणांनीं ठेविले ह्याची संख्या एवढेंच उरलें असेल, तर तें ज्ञान चोरांपाशीं राहूं द्यावें आणि रखवालदारानें मात्र तिकडे पाठ करावी, ह्यांत आम्हांस कांहीं पुण्य दिसत नाहीं. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. दरवाजे बंद झाल्यावर ती तान्ह्या मुलासाठीं कडा उतरून गेली. महाराजांनीं तिचा गौरव केला, आणि त्याच ठिकाणीं बुरूज बांधला. कडा उतरतां येतो हें एकदां कळल्यावर, तें ज्ञान कसें मिळालें याचा वाद घालीत बुरूज न बांधणारा किल्लेदार कोणास आवडेल?

ह्याच विचारानें अमेरिकेच्या एनआयएसटी नांवाच्या सरकारी संस्थेनें २०१७ सालीं आपल्या नियमांत मोठा पालट केला. कोणी नवा शब्द ठेवूं लागला तर तो आधीं प्रचलित व फुटलेल्या शब्दांच्या यादीशीं ताडून पाहावा, आणि तेथें सांपडल्यास नाकारावा, असें तिनें ठरविलें. उलट, दर कांहीं महिन्यांनीं शब्द बदलावयास लावणें, किंवा त्यांत अमुक चिन्ह हवेंच असा हट्ट धरणें, हे जुने जाच तिनें सोडून दिले. सक्ति केली म्हणजे माणसें शेवटचा १ काढून २ घालतात, हें याद्यांवरून दिसून येतच होतें.

आतां ज्या भागाकरितां हा लेख मुलांच्या हातीं द्यावासा वाटतो, त्याकडे वळूं. १९८८ सालच्या नोव्हेंबरच्या २ तारखेस अमेरिकेंतील संगणक एकाएकीं मंद होऊं लागले आणि कित्येक बंद पडले. एक लहानसा कार्यक्रम एका यंत्रांतून दुसऱ्यांत आपण होऊन शिरत होता. शिरण्याच्या त्याच्या निरनिराळ्या वाटा होत्या; त्यांपैकीं एक वाट परवलीच्या शब्दांची होती. तो प्रथम मनुष्याचें स्वतःचें नांव लावून पाही, मग तें उलटें करून पाही, आणि मग आपल्याबरोबर आणलेले ४३२ शब्द एकेक करून दळून पाही. सुमारें सहा हजार यंत्रें बाधित झालीं असावींत असा त्या वेळीं अंदाज झाला. हा कार्यक्रम सोडणारा तरुण कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी होता, आणि त्याचें नांव रॉबर्ट टॅपन मॉरिस. नऊ वर्षांपूर्वीं ३,२८९ शब्द तपासून जगास सावध करणाऱ्या थोरल्या मॉरिस यांचाच हा मुलगा! थोरले मॉरिस त्या वेळीं अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रांत प्रमुख शास्त्रज्ञ होते. बापाची विद्या मुलास आली होती. नासधूस करण्याचा आपला हेतु नव्हता, असें मुलाचें म्हणणें होतें. परंतु ज्यांच्या यंत्रांत तो कार्यक्रम शिरला त्यांच्यापैकीं एकासही विचारलेलें नव्हतें. १९९० सालीं न्यायालयानें त्यास तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा दिली. पुढें तेच धाकटे मॉरिस मॅसॅच्युसेट्सच्या त्याच विद्यालयांत प्राध्यापक झाले, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट रँडल श्वार्ट्झ यांची आहे. पर्ल ह्या संगणक-भाषेवरील त्यांचीं पुस्तकें प्रसिद्ध होतीं. ऑरेगॉन संस्थानांत इंटेल कंपनीचें काम ते कराराने करीत असत. ज्या विभागाची व्यवस्था पूर्वीं त्यांच्याकडे होती, त्या विभागांतील परवलीच्या शब्दांचें पीठ घेऊन त्यांनीं तें शब्दांच्या याद्यांशीं ताडून पाहिलें. आपण गेल्यावर तेथें शिथिलता आली आहे हें दाखवावयाचें होतें, असें त्यांनीं सांगितलें. कदाचित् तें खरेंही असेल. परंतु तें काम त्यांस कोणीं सांगितलेलें नव्हतें. १९९५ सालीं ते दोषी ठरले, आणि ती नोंद पुसली जाण्यास २००७ साल उजाडावें लागलें. बारा वर्षें! एका सहीचा कागद आधीं घेतला असता तर हेंच काम अहवाल म्हणून गणलें गेलें असतें, आणि त्याचा मोबदलाही मिळाला असता.

आपल्याकडील कायदाही ह्याच बाजूचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३ व्या कलमांत मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवांचून संगणकांत शिरण्याचा उल्लेख आहे. आणि तेंच अप्रामाणिकपणें किंवा लबाडीनें केल्यास ६६ व्या कलमान्वयें तीन वर्षेंपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. शेजाऱ्यांच्या वायफायचा शब्द ओळखून दाखविणें ही मित्रमंडळींत मोठी बहादुरी समजली जाते, म्हणून हें सांगणें आम्हांस अवश्य वाटलें.

आपला स्वतःचा शब्द फुटलेला आहे काय, हें पाहण्याची मात्र सर्वांस मोकळीक आहे. ऑस्ट्रेलियांतील ट्रॉय हंट यांनीं २०१७ सालीं तीस कोटींहून अधिक फुटलेल्या शब्दांचें पीठ लोकांच्या सोयीसाठीं खुलें केलें. पण आपला शब्द परक्यास सांगितल्यावांचून तो यादींत आहे कीं नाहीं हें कसें विचारावें? पुढच्याच वर्षीं तेथें एक सुरेख तोड आली. शब्द आपल्याच यंत्रावर दळला जातो. पिठाचीं चाळीस अक्षरें होतात. त्यांतील पहिलीं पांचच तिकडे जातात. त्या पांच अक्षरांनीं सुरू होणारीं जेवढीं पिठें यादींत आहेत तीं सर्व, कित्येक शें, परत येतात, आणि आपलें पीठ त्यांत आहे कीं नाहीं हें आपलें यंत्र आपल्याशींच पाहतें. पांच अक्षरांचे गट १०,४८,५७६ होतात. आपल्या शब्दाविषयीं त्याच्या गटाखेरीज तिकडे कांहींच कळत नाहीं. पालकांनीं आपल्या बँकेच्या व टपालाच्या खात्यांचे शब्द एखाद्या रविवारीं असे पाहून घ्यावेत. शब्द यादींत आढळला तर तो बदलावाच, आणि जेथें जेथें तोच ठेवला असेल तेथें तेथें निरनिराळा ठेवावा. कारण एका दुकानांतून फुटलेली किल्ली चोर पहिल्यानें बँकेच्या दारास लावून पाहतो.

राहिली आमच्या विद्यार्थ्याची हकीकत. दहावीच्या वर्गांतील हा मुलगा संगणकाच्या कामांत हुशार आहे. शाळेच्या संगणक-खोलींतील यंत्रांचा शब्द फारच सोपा असावा अशी त्यास शंका आली. त्यानें आम्हांस विचारिलें, “सर, मधल्या सुट्टींत यादीतले पहिले हजार शब्द लावून पाहूं का? मला कांहीं चोरावयाचें नाहीं. नुसतें दाखवावयाचें आहे.” आम्हीं त्यास श्वार्ट्झ यांची गोष्ट सांगितली, आणि मुख्याध्यापकांकडे अर्ज करावयास सांगितलें. तो हिरमुसला, कारण परवानगी मागितली म्हणजे शब्द आधींच बदलतील आणि आपलें म्हणणें खोटें ठरेल, असें त्यास वाटलें. तरी त्यानें अर्ज लिहिला. मुख्याध्यापकांनीं खालीं तीन ओळी लिहून सही केली: शनिवारीं शाळा सुटल्यावर, संगणक-शिक्षकांच्या समक्ष, कोपऱ्यांतील एकाच यंत्रावर, जो शब्द सांपडेल तो कोणास सांगूं नये. शब्द बदलण्यांत आला नव्हता. यादीच्या पहिल्या शंभरांतच तो मिळाला. सोमवारीं सकाळीं सर्व यंत्रांचे शब्द बदलले गेले, आणि तो अर्ज सहीसकट कचेरींतील फायलींत लावून ठेवला आहे. नवा शब्द काय आहे हें त्या मुलास कोणीं सांगितलें नाहीं. त्यानेंही विचारिलें नाहीं.